छळछावणीत नाती तुटली, की तोडली गेली?

शेवंती:

नाझी छळछावण्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "पोटात आग पडली की कसला बाप आणि कसला मुलगा! माणूस शेवटी जनावरच." तिथून जिवंत परतलेल्यांच्या साक्षी मी बरीच वर्षं वाचतेय, आणि हे वाक्य मला दरवेळी जास्त खटकतं. आजारी बापाच्या वाटणीची भाकरी मुलाने खाल्ली, जानेवारी १९४५ मध्ये कैद्यांना छावणीतून चालवत नेलं त्या बर्फातल्या पायपिटीत दमलेल्या बापाला मागे टाकून मुलगा पुढे निघून गेला, हे सगळं साक्षींमध्ये आहे. त्या लोकांनी ते लपवलं नाही. पण आपण गोष्ट तिथून सुरू करतो, आणि माझं म्हणणं असं की ती त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते.

१९४४ चा हंगेरी घ्या. १५ मे ते ९ जुलै या जेमतेम आठ आठवड्यांत सुमारे ४,३७,००० ज्यूंना गाड्यांमध्ये कोंबून नेलं, त्यातले बहुतेक ऑशविट्झ-बिर्केनाउला, म्हणजे नाझींनी बळकावलेल्या पोलंडमधल्या छळछावणीला. माणसं कुटुंबंच्या कुटुंबं आली होती. आजी-आजोबा, लेकुरवाळ्या सुना, तान्ही मुलं. डब्यात पाण्याची एक बादली, शौचाची एक बादली. तरीही त्या डब्यात ती कुटुंबंच होती. म्हाताऱ्यांना बसायला जागा करून दिली जात होती, पाण्याचा घोट आधी मुलांना मिळत होता.

गाडी थांबली की आरडाओरडा, कुत्रे, सामान तिथेच टाकायचं. पुरुष एका रांगेत, बायका-मुलं दुसऱ्या. मग एक डॉक्टर, एक नजर, बोटाची एक खूण. म्हातारे, आजारी, लहान मुलं आणि त्यांच्या आया थेट विषारी वायूने मारायच्या कोठड्यांकडे. पन्नास वर्षांचा संसार मोडायला काही मिनिटं पुरली. निरोप घ्यायला कोणाला वेळ मिळाला नाही, कारण हा निरोप आहे हेच कोणाला कळलं नाही.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सामान उतरवायला जुने कैदी असत. पहारेकऱ्यांची नजर चुकवून त्यातले काही जण तरुण आयांच्या कानाशी पुटपुटत, "मूल आजीकडे दे." का, ते सांगायची सोय नव्हती. मूल कडेवर असेल तर दोघंही जाणार. मूल आजीकडे असेल तर निदान आई कामासाठी वाचेल, एवढंच त्यांना माहीत होतं. काहींनी मूल सासूकडे दिलं, आपल्या आईकडे दिलं. आणि जगल्या. पुढे सगळं आयुष्य त्या एका क्षणासकट जगल्या. या बाईला आपण कोणत्या तोंडाने सांगणार, की संकटात माणसाचं खरं रूप कळतं?

लिली याकोब नावाची मुलगी अशाच एका गाडीतून मे १९४४ मध्ये आली. वय १८. आईवडील आणि पाच भाऊ, सगळे गेले. १९४५ मध्ये ती शेकडो किलोमीटर दूर डोरा या छावणीत सुटली, तापाने फणफणलेली. तिथे एसएसवाल्यांच्या, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाच्या रिकाम्या बराकीत ऊब शोधताना तिला एक फोटोंचा अल्बम सापडला. उघडला तर तिच्याच गावच्या लोकांचं बिर्केनाउच्या फलाटावरचं आगमन. ओळखीचे चेहरे, आजी-आजोबा, आणि तिचे दोन धाकटे भाऊ, शेजारी शेजारी उभे, मोठाल्या कोटांत, कॅमेऱ्याकडे बघत. हे फोटो एसएसच्याच माणसाने काढलेले. तिच्या घरच्यांची तीच शेवटची खूण. पुढे १९८० मध्ये तिने तो अल्बम जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहालयाला दिला.

त्या फोटोंत अजून सगळे एकमेकांचे हात धरून आहेत, भाकरीचा प्रश्न अजून उभाच राहिलेला नाही. कुटुंब आधी मोडलं, भूक नंतर आली. म्हणून मला विचारायचं आहे: त्या छावण्यांमध्ये नाती तुटली असं म्हणावं, की तोडली गेली असं? आणि या फरकाने आपल्या निवाड्यात काही फरक पडतो का?

पाथरवट:

शेवंती, लिहिलंय मनापासून. तरी मी थोडा विरोधात बोलतो.

कुटुंबं मोडण्याची व्यवस्था होती हे मान्य. पण त्या फलाटावरून बाप आणि मुलगा दोघंही एकाच बाजूला गेले, असंही पुष्कळदा झालं. एकाच बराकीत, एकाच फळीवर झोपले. त्यांचं नातं कोणी बाहेरून तोडलं नव्हतं. तरीही काही ठिकाणी मुलगा बापाच्या भाकरीवर टपलेला दिसतो, आणि दुसऱ्या काही ठिकाणी बाप स्वतःची भाकरी मुलाला देऊन मरतो. परिस्थिती तीच, वागणं निराळं. सगळा दोष व्यवस्थेच्या माथी मारला तर भाकरी देणाऱ्या बापाचं श्रेयही तुम्हाला काढून घ्यावं लागेल. मला ते नको आहे. निवड होती असं मानूया, म्हणजे देणाऱ्याचा मान राहील.

भिषग:

भुकेबद्दल वैद्यकाच्या बाजूने थोडं लिहितो, कारण "भूक" हा शब्द आपण उपास सोडायला उशीर झाल्यासारखा वापरतो.

ऑशविट्झमध्ये सकाळी 'कॉफी' नावाचं काळं पाणी, दुपारी सलगम वगैरेचं पातळ सूप, संध्याकाळी साधारण ३०० ग्रॅम पाव आणि सोबत चिमूटभर मार्गारिन किंवा सॉसेजचा तुकडा. हाच पाव दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पुरवायचा. हिशेब केला तर दिवसाला १,३०० ते १,७०० कॅलरी, आणि त्यावर अकरा-बारा तास अंगमेहनत. असं काही महिने चाललं की शरीर स्वतःचे स्नायू खातं.

आता दुसरीकडे बघा. त्याच काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांवर उपासमारीचा प्रयोग केला. युरोपातल्या भुकेल्या लोकांना युद्धानंतर कसं खाऊ घालायचं हे शिकण्यासाठी. सहा महिने रोज सुमारे १,५७० कॅलरी. ही माणसं युद्धाला नैतिक कारणाने नकार दिलेली, म्हणजे तत्त्वासाठी किंमत मोजायला तयार असलेली. मारहाण नाही, थंडी नाही, डॉक्टर हाताशी, आणि अमुक महिन्यात पोटभर मिळणार हे ठाऊक. तरी काय झालं? माणसं चिडकी झाली, घुमी झाली, मित्रांना टाळू लागली, प्रेम आणि लैंगिक इच्छा विझली. ताटं चाटू लागली. डोक्यात चोवीस तास अन्न. काहींनी पाककृतींची पुस्तकं गोळा केली आणि रात्री वाचत बसले.

म्हणजे प्रेमाची भावना मेंदूत ज्या इंधनावर चालते तेच संपत जातं. पाथरवट, तुम्ही निवड म्हणता. निवड करणारा मेंदूच कुपोषित असेल, तर निवड या शब्दाला किती अर्थ उरतो? भाकरी देणाऱ्या बापाला मी मानतोच. उलट हे शरीरशास्त्र कळल्यावर जास्त मानतो, कारण त्याने दिली ती शरीराच्या प्रत्येक पेशीच्या विरोधात जाऊन. न देणाऱ्याला मात्र मी दोषी धरू शकत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

रानवारा:

वाचवत नाहीये, पण वाचतोय. लिहीत राहा.

अबोली_म:

भिषग यांनी पाककृतींचं लिहिलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण तीच गोष्ट बायकांच्या छावण्यांमध्ये फार वेगळ्या रूपात दिसते.

राफेन्सब्रुक ही बायकांची मोठी छावणी, मे १९३९ पासूनची. सव्वा लाखाहून जास्त बायका तिथून गेल्या. ऑशविट्झचा बायकांचा विभाग वेगळा. या ठिकाणच्या साक्षींमध्ये 'छावणीतली बहीण' पुन्हा पुन्हा भेटते. आई गेली, सख्खी बहीण गेली, आणि शेजारच्या फळीवरच्या अनोळखी मुलीला बहीण मानलं. पाव दोघींचा, वाटी राखायची जबाबदारी आळीपाळीने, हजेरीला उभं असताना एकीला चक्कर आली तर दुसरीने मागून धरायचं. एकटीने जगणं कठीण आणि दोघींनी थोडं सोपं, इतका साधा व्यवहार त्यात होता, आणि माया त्यातूनच आली. रक्ताचं कुटुंब हिसकावून घेतल्यावर माणसं दुसरं कुटुंब बांधायला घेतात, हे कोणत्या जनावराच्या व्याख्येत बसवणार?

आणि या बायका रात्री तोंडी स्वयंपाक करायच्या. खरंच. "माझ्या सासरी कोबी असा करतात", "छे, त्यात आधी कांदा परतायचा". वाद व्हायचे, रागवारागवी व्हायची.

तेरेझिनला, म्हणजे आजच्या चेकियातल्या नाझींच्या ज्यू वस्ती-छावणीत, मिना पेख्तर नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या. त्यांनी आणि सोबतच्या बायकांनी मिळेल त्या कागदांवर पाककृती लिहिल्या आणि हाताने शिवून त्याची वही केली. टोर्टे, स्ट्रुडेल, कॅरॅमल, डंपलिंग. काही कृतींमध्ये जिन्नसच राहून गेलाय, काहींत मधली पायरी गायब. उपाशी डोक्याने लिहिलेलं ते. मिनाबाई १९४४ मध्ये योम किप्पूरच्या, ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवशी उपासमारीने गेल्या. मरण्याआधी वही एका मित्राला दिली, माझ्या लेकीपर्यंत पोचव म्हणून. लेक पॅलेस्टाइनमध्ये, पत्ता नाही. वही हातोहाती फिरत राहिली आणि साधारण पंचवीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये त्या लेकीच्या हाती पडली. तिला सुरुवातीला ती उघडून बघायचाही धीर झाला नाही.

आपल्याकडेही आईच्या हाताचं लोणचं लिहून घ्यायचं राहून जातं, आणि ती गेल्यावर चुटपुट लागते. या बाईने पोटात अन्नाचा कण नसताना ते लिहून ठेवलं. मिनेसोटातल्या माणसांचं मन अन्नातच अडकलं होतं. मिनाबाईंचंही अडकलं असणार. पण त्या अडकण्यातूनच तिने लेकीकडे जाणारी वाट काढली.

शेवंती:

अबोली, ही वही मला ठाऊक नव्हती. आभार.

पाथरवट, तुमचा मुद्दा मी टाळत नाही. देणाऱ्याचं श्रेय मलाही राखायचंय. तुमच्याच कसोटीला लागेल असं एक उदाहरण देते. सप्टेंबर १९४३ मध्ये तेरेझिनहून सुमारे ५,००० ज्यूंना बिर्केनाउला आणलं आणि नेहमीची निवड न करता एका वेगळ्या विभागात ठेवलं. जगाला दाखवायला हा 'कुटुंब विभाग'. बराकी पुरुषांच्या आणि बायकांच्या वेगळ्या, पण आवार एकच, मुलं जवळ. फ्रेडी हिर्श या तरुणाने मुलांसाठी एक स्वतंत्र बराक मिळवली. तिथे चोरून शाळा चाले, भिंतीवर चित्रं होती. भूक, थंडी, रोगराई सगळं होतंच. सहा महिन्यांत शेकडो माणसं मेली. ८ मार्च १९४४ च्या रात्री त्या पहिल्या तुकडीतल्या सुमारे ३,८०० जणांना मारलं. फ्रेडी त्याच दिवशी गेला.

मागून आलेल्यांची पाळी जुलैमध्ये आली. तोवर प्रेतं जाळायच्या भट्टीच्या चिमणीतून काय निघतं हे त्या विभागात प्रत्येकाला माहीत होतं. कामाला लायक असलेल्यांना वेगळं काढलं आणि लहान मुलांच्या आयांना पर्याय दिला: मूल मागे ठेवून कामाच्या छावणीत जा, किंवा मुलाबरोबर इथेच थांबा. जवळजवळ सगळ्या आया थांबल्या. शेकडो बायका. मोजक्या दोघी-तिघी गेल्या असतील, आणि मी त्यांनाही नावं ठेवणार नाही.

त्या थांबल्या त्या उपाशीच होत्या. भिषग म्हणतात तसा मेंदूही कुपोषितच. मग फरक कुठे पडला? मला वाटतं, मूल त्यांच्याजवळ होतं. सात महिने, दोन महिने, रोज हाताला लागत होतं. नात्याला रोजचं काहीतरी करायला लागतं: केस विंचरणं, गोधडी ओढून देणं, ओरडणं. हे जिथे शिल्लक राहिलं तिथे नातं मरणापर्यंत टिकलं. जिथे फलाटावरच कापलं गेलं, तिथे माणूस नंबर होऊन एकटा उरला.

पाथरवट:

हे उदाहरण जड आहे. यावर लगेच काही बोलणं बरं नव्हे.

एवढं मात्र म्हणतो, की निवड होती हे माझं म्हणणं यातून पक्कं झालं. आणि नातं हाताशी लागतं हे तुमचं म्हणणंही.

इझारकाठ:

मी म्युनिकला राहते. डाखाउ इथून लोकल ट्रेनच्या अंतरावर. २२ मार्च १९३३ ला उघडलेली ती छावणी, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. शाळेतली मुलं तिथे शिक्षकांबरोबर येतात, आमच्या मुलीलाही नेलं होतं.

धाग्यात एक बाजू राहिलीय असं वाटलं. ऑशविट्झचा कमांडंट रुडॉल्फ होस याचं घर छावणीच्या भिंतीला अगदी लागून होतं. बायको, पाच मुलं, बाग, फुलझाडं, कैद्यांकडून करून घेतलेली कामं. मुलांवर त्याचा जीव होता, याबद्दल कोणीच शंका घेत नाही. भिंतीच्या एका बाजूला उत्तम कौटुंबिक जीवन, दुसऱ्या बाजूला १९४० ते १९४५ या काळात सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यात दहा लाखांच्या आसपास ज्यू.

आपल्या समाजात 'घरचा माणूस चांगला आहे' हे चांगुलपणाचं मोठं प्रमाणपत्र मानतात. बायकामुलांवर जीव टाकतो, आईवडिलांना बघतो, म्हणजे माणूस भला. होसचं घर बघितल्यापासून मला ते पुरेसं वाटत नाही. ज्याने आपल्या मुलांना कुशीत घेऊन दुसऱ्यांची मुलं जाळली त्याचं नातं शाबूत होतं, आणि ज्याने बापाची भाकरी खाल्ली त्याचं तुटलं. मग 'माणुसकी हरवली' हे वाक्य यातल्या कोणासाठी वापरायचं? आपण ते उपाशी पोरासाठी वापरतो, याची मला लाज वाटते.

करवीरकर:

इझारकाठ, तुमचा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

विषय युरोपचा असला तरी त्याचं एक टोक आमच्या कोल्हापुरात आहे. वळिवडे. १९४३ ते १९४८ तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती. हे लोक नाझींच्या नव्हे, स्टालिनच्या तावडीतून सुटलेले. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो माणसं रात्री घरातून उचलली आणि सैबेरिया, कझाकस्तान, उत्तरेची जंगलं अशा ठिकाणी लाकूडतोडीला आणि शेतीला जुंपली. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर करार झाला आणि यांना सोडलं. जनरल आंदर्सच्या पोलिश सैन्यामागोमाग १९४२ मध्ये कॅस्पियन ओलांडून इराण, तिथून कराची, आणि मग काही जामनगरजवळ बालाचडीला, बरेच वळिवड्याला.

शेवंतींच्या 'मूल आजीकडे दे'चा जोडीदार प्रसंग या प्रवासात आहे. सैन्यासोबत बाहेर पडायची संधी सगळ्यांना मिळत नव्हती, पण पोलिश अनाथालयांतल्या मुलांना नेत होते. तेव्हा कित्येक आयांनी आपली जिवंत मुलं अनाथ म्हणून अनाथालयाच्या दारात नेऊन सोडली. आई जिवंत असताना आई नाही असं सांगायला मुलांना शिकवलं. हे नातं तोडणं म्हणायचं की टिकवणं, मला ठरवता येत नाही. यातल्या सगळ्या आया पुन्हा भेटल्या नाहीत.

वळिवड्यात आलेल्यांत बायका आणि मुलंच जास्त. पुरुष लढाईवर किंवा मेलेले. इथे छावणी हाच शब्द होता, पण रचना उलटी. लांब बराकी असल्या तरी प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या, स्वयंपाकघर, पुढे व्हरांडा. दरमहा ठरावीक पैसे मिळायचे. बायका बाजारातून भाजी, अंडी आणून आपापल्या चुलीवर रांधायच्या. पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, स्काउट, नाटकं. आमची आजी शेजारच्या गावातली. ती सांगायची, की त्या बायका भाजीवाल्यांशी मोडक्या मराठीत घासाघीस करायच्या आणि दारापुढे फुलं लावायच्या. आजीला त्यांच्या फुलांचं फार कौतुक.

तुम्ही म्हणता ना, नात्याला रोजचं काहीतरी करायला लागतं? चूल परत मिळाली आणि ही माणसं पुन्हा घरची माणसं झाली. १९४८ पर्यंत बहुतेक जण ब्रिटन आणि इतर देशांत पांगले. ती जागा पुढे फाळणीत सगळं गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांना मिळाली; आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर. पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ महावीर उद्यानात आहे, वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

मरुवा:

करवीरकरांच्या सोव्हिएत मुद्द्याला जोडून. स्टालिनच्या राजवटीत हे कुटुंब तोडणं चक्क लेखी होतं. ऑगस्ट १९३७ चा एनकेव्हीडीचा (स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा) ००४८६ क्रमांकाचा आदेश: 'देशद्रोही' ठरवलेल्या माणसांच्या बायकांना पाच ते आठ वर्षं छावणीत टाका, मुलं सरकारी अनाथालयांत द्या. बायकोचा गुन्हा काय, तर ती बायको होती. कझाकस्तानात अकमोलाजवळ अशा बायकांची खास छावणीच होती. भावंडंही अनेकदा वेगवेगळ्या ठिकाणी गेली. शेवंतींच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर निदान इथे तरी सहीशिक्क्यानिशी उपलब्ध आहे.

चाफेकळी:

मी नववीला इतिहास शिकवते. नाझीवादाचा धडा आहे. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "बाई, त्यांच्या जागी आपण असतो तर?" मी आजवर "देव करो आणि तशी वेळ न येवो" म्हणून पुढे जायचे. या वर्षी पुढे जायचं नाही असं ठरवलंय. मुलांना युद्धानंतर काय झालं तेही सांगावं असं वाटतं, कारण धडा १९४५ ला संपतो आणि त्यांना वाटतं सुटका झाली, संपलं. यावर कोणी लिहील का?

अबोली_म:

चाफेकळी, थोडं लिहिते.

बर्गन-बेल्झन १५ एप्रिल १९४५ ला सुटली आणि तिच्याच शेजारी निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सुटलेल्या माणसांनी पहिल्यांदा काय मागितलं, तर नावांच्या याद्या. कोण जगलं? भिंतींवर कागद डकवलेले, येणाऱ्या प्रत्येकाला "तू कुठल्या गावचा? अमक्याला पाहिलंस?" आणि लग्नं. भराभर लग्नं. एकमेकांची पुरती ओळख नसलेल्यांची, आईबाप, भावंडं, काहींची तर आधीची बायकामुलंही गमावलेल्यांची. जर्मनीतल्या या वसाहतींमध्ये जन्मदर त्या काळी जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी एक होता. मुलांना गेलेल्यांची नावं दिली. त्यांच्यात तशी रीतच आहे, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला येतं तशी. फक्त इथे एकेका मुलाच्या वाट्याला दोन-दोन तीन-तीन मेलेल्यांची नावं आली.

आणि मग त्या घरांमधली शांतता. काहींनी मुलांना कधीच काही सांगितलं नाही, काहींनी दुसरं काही बोललंच नाही. पाव फेकायचा नाही, उरलेला तुकडा फडक्यात बांधून ठेवायचा, मुलगी शाळेतून दहा मिनिटं उशिरा आली की आईने थरथरत दारात उभं राहायचं. मुलं मोठी होऊन हे सांगतात. आईबापांनी माया केलीच, फार केली, पण तिच्यात भीती मिसळलेली होती.

भिषग:

चाफेकळी, वर्गासाठी एक सुचवतो. जर्मनीत बाड आरोल्सेन इथे छळपीडितांच्या नोंदींचं मोठं दफ्तर आहे, सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांबद्दलची कागदपत्रं. त्यातली बरीच इंटरनेटवर खुली आहेत. कैद्यांकडून काढून घेतलेली घड्याळं, अंगठ्या, फोटो तिथे आजही जपून ठेवलेत आणि वारस शोधून त्यांना परत देण्याचं काम चालू आहे. मुलांना एखादं नोंदपत्रक दाखवा. नाव, जन्मगाव, धंदा, बायकोचं नाव, मुलं किती. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायची गरज नाही, त्यांना आपसात बोलू द्या.

चाफेकळी:

नक्की करते. वर्ग झाला की इथेच लिहीन, मुलं काय म्हणाली ते.